पोट फुगतंय, भाकरी तुटतेय : अख्ख्या धान्याच्या जेवणाबद्दल वाचकांचे प्रश्न

मैदा, साखर आणि पाकिटातले पदार्थ कमी करून अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं यांवर घर चालवायचं, असं ठरवलेल्या नागपूरच्या वाचकांची पत्रं आमच्याकडे आली आहेत. बहुतेक पत्रांत एक समज दिसतो, की यासाठी किनोआ, बदामाचं पीठ, परदेशी बिया असं काहीतरी महागडं आणावं लागतं. तसं काही लागत नाही. ज्वारी, तूर, हरभरा, जवस, शेंगदाणे, अंबाडी, चिवळ, काटवल हे सगळं विदर्भाच्या स्वयंपाकघरातलंच आहे. अडचण येते ती बदलाच्या वेगात आणि हाताच्या सवयीत, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : आम्ही घरात पाच जण. आम्ही दोघं, ७ आणि ११ वर्षांची मुलं, ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. एक तारखेपासून पांढरा भात, मैदा, साखर, बिस्किटं सगळं एकदम बंद केलं. दोन्ही वेळा भाकरी, रोज मोडाची उसळ, सकाळी नाश्त्याला कच्च्या भाज्या. आता सगळ्यांचीच पोटं फुगतात. धाकटा अर्ध्या भाकरीवर उठतो. परवा संध्याकाळी सासूबाईंना घाम फुटला, हात थरथरले. मागे फिरावं का? – मानेवाडा

उत्तर : मागे फिरू नका, पण सासूबाईंचं आजच बघा. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. गोळीचा डोस त्यांच्या जुन्या जेवणावर बसवलेला होता. भात-साखर एकदम कमी झाली आणि गोळी तेवढीच राहिली, तर ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन साखर खाली ओढतच राहतं. असं पुन्हा झालं तर ग्लुकोमीटरवर बघा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साधी साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर पोळी-भाजी किंवा वरण-भात द्या. मीटर हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, साखर आधी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. या वेळी दाण्याचा लाडू किंवा फळ चालत नाही, कारण त्यातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. म्हणून घरातला साखरेचा डबा रिकामा करू नका. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आठवडाभराच्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतर दोन तासांच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि जेवण बदललंय हे सांगा. त्यांना मूत्रपिंडाचाही त्रास असेल तर डाळी आणि अख्खं धान्य वाढवण्याआधी विचारणं भाग आहे, कारण त्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त असतो.

आता पोटाचं. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला तंतू तीन ग्रॅमच्याही आत असतात, ज्वारीत सुमारे १०. तुम्ही एका दिवसात तिप्पट-चौपट उडी मारली. न पचलेले तंतू मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि त्याचा वायू होतो. जीवाणूंची घडी नव्या अन्नाला बसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर उसळ रोज नको, एक दिवसाआड अर्धी वाटी. सुरुवात मुगाने करा, मग मटकी, बरबटी; वाटाणा, हरभरा, राजमा सगळ्यात शेवटी. भिजवलेलं पाणी टाकून द्या, शिजवताना हिंग-ओवा घाला. राजमा १०-१२ तास भिजवून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवलाच पाहिजे, अर्धकच्चा राजमा उलट्या-जुलाब आणतो. सकाळच्या कच्च्या भाज्या सध्या बंद करा, शिजवलेली भाजी वाढवा. आणि पाणी प्या. तंतू वाढले आणि पाणी तेवढंच राहिलं, तर फुगण्याच्या जोडीला बद्धकोष्ठता येते. नागपूरच्या उन्हात तर येतेच.

धाकट्याचं पोट लहान आहे. तंतुमय अन्नाने ते लवकर भरतं, पण वाढीला लागणारी ऊर्जा तेवढी मिळत नाही. त्याला वरण-भात-तूप सुरू करा. सोबत पाव भाकरी, दाण्याची चटणी, दूध किंवा दही. मोठ्यांचं ताट छोटं करून मुलांपुढे ठेवलं, तर ते त्यांचं ताट होत नाही.

यापुढे एका आठवड्यात एकच बदल करा. पहिल्या आठवड्यात फक्त संध्याकाळचं बिस्कीट-फरसाण जाऊन फुटाणे-दाणे-फळ येतील. दुसऱ्यात पीठ बदलेल : चार किलो गव्हात एक किलो ज्वारी दळून आणा. ज्वारी तिसऱ्या हिश्शाच्या वर गेली की पोळी लाटताना फाटते, कारण धरून ठेवणारा चिकटपणा गव्हातच असतो. तिसऱ्यात एका वेळी भाकरी. चौथ्यात डाळ-भाजीचं प्रमाण. भात बंद करायची गरज नाही, फक्त तो ताटाच्या मध्यभागी नको.

खरी तूट डाळ-भाजीतच असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली धरलं आहे. याचा हिशोब करून बघा. शाकाहारी मोठ्या माणसामागे महिन्याला अडीच किलो डाळ-कडधान्य लागतं. तुमच्या घराला भाजी रोज पावणेदोन किलोच्या आसपास. पाच माणसांत अर्धा किलो वांगी आणली की झालं, ही सवय बदलली तर बाकीचं पुष्कळसं आपोआप जागेवर येतं.

प्रश्न : ज्वारीची भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुकडे होतात, फुगत तर नाहीच. पीठ दुकानातून पाकीटबंद आणते. आई म्हणते, हाताला सवय नाही. खरंच सवयीचं आहे का? – गोकुळपेठ

उत्तर : हाताची सवय नंतरची गोष्ट आहे. आधी पीठ. ज्वारीच्या पिठाची विरी जाते. ताज्या पिठात जो धरून ठेवण्याचा गुण असतो, तो दिवसागणिक कमी होतो. पाकिटातलं पीठ दळून किती दिवस झाले हे छापील तारखेवरून काढा. महिना उलटला असेल तर ते भाकरीला नको, धपाट्यांना वापरा. इतवारीत किंवा तुमच्या किराणावाल्याकडे पांढरी, मोत्यासारखी टपोरी रब्बीची ज्वारी मागा. खरिपाच्या ज्वारीचे दाणे पावसात सापडून काळपट झाले असतील तर भाकरी कडवट लागते. एका वेळी दोन किलोच दळा. चक्कीवाल्याला सांगा की गव्हानंतर लगेच दळू नको, आधी मूठभर ज्वारी दळून ते पीठ काढून टाक. दळलेलं पीठ गरम असतं. ते घरी आल्यावर ताटात पसरून गार करा आणि मगच डबा बंद करा, नाहीतर आत वाफ धरून वास येतो.

आता एका भाकरीचं बघू. परातीत ६५-७० ग्रॅम पीठ घ्या, म्हणजे मोठी भरगच्च मूठ. चिमूटभर मीठ. मध्ये खळगा करून पाव वाटी उकळतं पाणी घाला, चमच्याने कालवा आणि दोन-तीन मिनिटं झाकून ठेवा. ज्वारीत गव्हासारखा चिकट धागा नसतो. उकळत्या पाण्याने तिचा स्टार्च फुलतो आणि तोच चिकटपणाचं काम करतो. थंड पाण्याने भिजवलेलं पीठ म्हणूनच तुटतं. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने परातीवर दाबत पुढे ढकला, मागे ओढा, पुन्हा ढकला. दोन मिनिटं सलग. मध्ये पाण्याचा हात लावा. गोळा गुळगुळीत झाला, बोटाने दाबल्यावर कडेला चीर पडली नाही, की मळणं झालं. प्रत्येक भाकरीचा गोळा वेगळा मळायचा. सगळ्यांचा एकदम मळून ठेवला तर शेवटच्या दोन भाकऱ्या कोरड्या होतात.

परातीत कोरडं पीठ भुरभुरवून बोटांनी थापा, कडेपासून मध्याकडे नको, मध्यापासून कडेकडे. कडा पातळ आणि मध्य जाड राहिला तर ती फुगत नाही. तवा आधी चांगला तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडाला पाहिजे. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात सगळीकडे फिरवा. पाणी सुकत आलं, पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, तेवढ्यात उलटा. इथेच बहुतेकींची भाकरी बिघडते. पाणी पूर्ण सुकलं तर चिरा पडतात आणि चिरेतून वाफ निघून जाते. पाण्याची बाजू नीट भाजून झाली की पहिली बाजू आचेवर धरा, भाकरी टम्म फुगेल.

जुनं पीठ घरात पडलंच असेल तर उकड काढा. एक वाटी पाण्याला उकळी आणा, मीठ घाला, गॅस बंद करून एक वाटी पीठ टाका, हलवा, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि गरमच मळा. याची भाकरी लाटण्यानेही लाटता येते. नवख्या हातांनी महिनाभर हीच करावी, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : मुलांसाठी डायजेस्टिव्ह बिस्किटं आणि ब्राउन ब्रेड आणते. पाकिटावर ‘मल्टीग्रेन’ लिहिलेलं असतं. हे अख्ख्या धान्यात धरायचं का? – मनीषनगर

उत्तर : पाकिटाचा पुढचा भाग वाचू नका, उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिला शब्द ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदा आहे, मग पुढे पाच धान्यांची नावं असोत. मल्टीग्रेन म्हणजे अनेक धान्यं. ती अख्खीच असतील असं नाही. ब्रेडचा तपकिरी रंग कॅरमलचाही असतो, यादीत आयएनएस १५० हा खाद्यरंगाचा क्रमांक दिसला की तो समजावा. साखर एकाच नावाने येत नाही : इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही तिचीच भावंडं. तीन नावांत वाटून टाकली की यादीत प्रत्येक नाव खाली सरकतं आणि साखर कमी असल्याचा भास होतो.

पोषणाच्या तक्त्यात दोन आकडे बघा. एकूण कर्बोदकांना तंतूंनी भागा. उत्तर १० किंवा त्याहून कमी आलं तर त्यात अख्ख्या धान्याचा वाटा बऱ्यापैकी आहे. ७० ग्रॅम कर्बोदकं आणि ३ ग्रॅम तंतू असतील तर २३ येतं, म्हणजे ते मैद्याचं बिस्कीटच. दुसरा आकडा सोडियमचा. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम आहे.

पण पाकिटातलं सगळंच वाईट असंही नको. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाचे चार गट केले आहेत : जवळपास जसंच्या तसं अन्न; तेल-मीठ-साखरेसारखे स्वयंपाकाचे घटक; साधी प्रक्रिया केलेलं; आणि कारखान्यात अनेक घटक जोडून तयार केलेलं अतिप्रक्रियायुक्त. पोहे, दही, रवा, गोठवलेले मटार या चौथ्या गटात येत नाहीत. इन्स्टंट नूडल्स, क्रीमची बिस्किटं, थंड पेयं, चवीचे चिप्स येतात. घरातून काढायचा आहे तो हा चौथा गट, आणि तोही आधी रोजच्यातून. वाढदिवसाच्या केकवरून घरात भांडण काढू नका.

प्रश्न : मार्च-एप्रिलमध्ये मुलांचा डबा टिकत नाही. पोळी कडक होते, उसळ आंबते. शेवटी बिस्किटाचा पुडाच जातो. – प्रतापनगर

उत्तर : उसळ आंबते कारण ती भिजवतानाच आंबलेली असते. नागपुरात उन्हाळ्यात कडधान्य रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही. सहा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर फ्रिजमध्येच भिजवा. हिवाळ्यात मोडांना दिवस लागतो, मे महिन्यात आठ-दहा तासांत येतात. त्यानंतर चिकट, आंबूस वास आला की टाकून द्या. मुलांना आणि म्हाताऱ्यांना मोड कच्चे देऊ नका, वाफवून द्या. डब्यात गरम अन्न भरून लगेच झाकण लावू नका. वाफेचं पाणी झाकणाला जमतं, खाली गळतं आणि अन्न नासतं. ताटात पसरून पाच-सात मिनिटं निवू द्या. ओलं खोबरं, कच्चा कांदा, पनीर उन्हाळ्याच्या डब्यात नको. शिळा भात तर अजिबात नको.

टिकणारा आणि पोटभरीचा पदार्थ म्हणजे थालीपीठ किंवा धपाटा. एक किलो भाजणीला ज्वारी ४०० ग्रॅम, बाजरी २००, हरभरा डाळ १५०, तांदूळ १००, गहू १००, उडीद डाळ ५०, शिवाय धणे २५ आणि जिरे १० ग्रॅम. सगळं वेगवेगळं मध्यम आचेवर भाजा. एकत्र भाजलं तर उडीद जळते आणि ज्वारी कच्ची राहते. जाडसर दळा. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये बाजरी वगळून तिच्या जागी ज्वारीच वाढवा. पिठात मेथी किंवा किसलेला दुधी, सांबार (कोथिंबीर), तीळ घालून ताकात भिजवा, म्हणजे मऊ राहतं. सोबत कोरडी दाण्याची चटणी.

छोट्या सुट्टीला फुटाणे-गूळ, उकडलेलं अंडं, केळं. थंडीत अंबिया बहाराची आणि उन्हाच्या तोंडावर मृग बहाराची संत्री मिळतात; रस काढण्यापेक्षा सोलून फोडी द्या. एका ग्लासात चार संत्र्यांची साखर जाते आणि तंतू गाळणीत राहतात. शिवाय जेवणासोबत संत्रं किंवा लिंबू खाल्लं तर डाळी-पालेभाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. चहाने उलटं होतं, म्हणून चहा जेवणानंतर तासभराने.

घरी आल्यावर थंड पेय मागतील. ज्वारीच्या कण्यांची आंबील करून ठेवा. एक वाटी कण्या धुऊन चार वाट्या पाण्यात मऊ शिजवा, पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या ताक, मीठ, भाजलेलं जिरं, ठेचलेला लसूण. गरम कण्यांत ताक घातलं तर ते फाटतं.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ, साध्या मिठाऐवजी सैंधव सुरू केलं. बरोबर आहे ना? – महाल

उत्तर : गुळाची चव हवी म्हणून वापरा, पण तो साखरेच्याच हिशोबात धरा. गुळात बहुतांश साखरच असते आणि मधुमेहात तो तितकाच जपून खायचा. सैंधव मिठात सोडियम साध्या मिठाइतकंच असतं, आणि ते बहुधा आयोडीनयुक्त नसतं. वाढत्या मुलांच्या आणि गरोदर बाईच्या घरात आयोडीनयुक्त मीठ बंद करणं आम्हाला मुळीच पटत नाही. ते परत सुरू करा.

प्रश्न : यजमान बुटीबोरीला कंपनीत आहेत. सकाळी बाहेर तर्री पोहे, रविवारी सावजी. घरात घाणीचं फल्ली तेल आणलं, पण तळताना फार धूर होतो. तेलाचं काय करावं? – हिंगणा रोड

उत्तर : घाणीच्या तेलात दाण्याचे बारीक अंश राहतात, म्हणून ते रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं. ते भाजीला, फोडणीला, वरून घ्यायला उत्तम. तळण कमी करा आणि जेव्हा कराल तेव्हा आच मध्यम ठेवा. धूर आला म्हणजे तेल जळलं. तळलेलं तेल गाळून दोन दिवसांत भाजीत संपवा, पुन्हापुन्हा तळू नका. घाणीवर स्वतःचे दाणे देत असाल तर काळे, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे वेचून काढा. त्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष न गाळलेल्या तेलात उतरतं आणि ते यकृताला घातक आहे. प्रमाणाचं म्हणाल तर २७ ग्रॅम रोज म्हणजे माणशी महिन्याला सुमारे ८०० ग्रॅम, आणि यात तूपही आलं. महिन्याच्या एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या बरणीत काढा. कितव्या तारखेला संपतं त्यावरून सगळं कळतं.

तर्री पोह्यांत पोहे वाईट नाहीत, तर्रीतले हरभरे तर चांगलेच. अडचण वरच्या लाल तेलाच्या थराची आणि सोबतच्या शेव-समोशाची आहे. तर्री खालून, रश्श्यासकट हरभरे जास्त, असं सांगून घ्यायला सांगा. घरी करायची तर अर्धी वाटी काळे हरभरे रात्री भिजवून शिजवा, त्यातलेच दोन चमचे वाटून रश्श्याला लावा. दाटपणा येतो आणि चार माणसांना तीन चमचे तेल पुरतं. सावजी महिन्यातून एकदा आवडीने, मन मोकळं ठेवून खावं.

तेलाच्या जोडीला जवसाची चटणी रोज ताटात हवी, विशेषतः मासे न खाणाऱ्या घरात, कारण ओमेगा-३ गटातलं स्निग्ध आम्ल जवसात भरपूर आहे. एक वाटी जवस मंद आचेवर भाजा. तडतड कमी झाली, साधारण चार-पाच मिनिटांत, की लगेच ताटात काढा. कढईत राहिले तर करपून कडू होतात. पाव वाटी तीळ, आठ-दहा भिवापुरी मिरच्या, थोडा लसूण, जिरं, मीठ वेगळं भाजून घ्या. पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवा; सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. जवस अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून वाटणं आवश्यक. चटणी आठ-दहा दिवसांपुरतीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. जवसाचं तेल मात्र कधीच तापवू नका.

प्रश्न : उपवासाला साबुदाणा सोडावा का? – इतवारी

उत्तर : साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च. सोडलात तर काही बिघडत नाही. भगर, राजगिरा, शिंगाडा जास्त बरे, जोडीला दही आणि दाण्याची आमटी. भगरीचं पीठ सुटं, उघडं विकत घेऊ नका. ओल लागलेल्या पिठात बुरशी धरते आणि ऐन सणाला विषबाधा होते. भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा, आणि लागेल तेवढीच.

प्रश्न : मी नोकरी करते. भाकरी, मोड, चटण्या, हे सगळं एकटीने कसं जमवायचं? – त्रिमूर्तीनगर

उत्तर : एकटीने जमवायचं नाही. सकस जेवणाचा निर्णय सगळ्या घराचा आणि राबणारे हात एकाच बाईचे, असं असेल तर महिन्याभरात बिस्किटाचा पुडा परत येतो, आणि त्यात तिचा दोष नसतो. कामं वाटून द्या. बाजार आणि भाजी निवडणं नवऱ्याकडे. कॉटन मार्केटला सकाळी लवकर गेलं तर आठवड्याची टिकाऊ भाजी एका फेरीत येते. पालेभाजी जवळच्या बाजारातून दोन-तीन दिवसांची. कडधान्य भिजवणं आणि पाणी बदलणं अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सहज जमतं. रविवारी दोन तास दोघांनी मिळून : दोन प्रकारची कडधान्यं शिजवून फ्रिजमध्ये (तीन दिवस टिकतात, बाकीची डीप फ्रीझरमध्ये), कांदा-टोमॅटोचा भाजलेला मसाला, एक चटणी, लसूण सोललेला. भाकरी रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीनदा करा. कणीक मात्र बारीक चाळणीने चाळू नका. गव्हाच्या अख्ख्या पिठात तंतू ज्वारीइतकेच असतात, आपणच ते चोकरासोबत फेकतो. खडे गव्हात निवडा, पिठात नाही. न चाळलेली कणीक थोडं जास्त पाणी घालून भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा, कोंडा पाणी पिऊन मऊ होतो आणि पोळी चिवट होत नाही.

प्रश्न : हातसडीचा तांदूळ पाच किलो आणला, दोन महिन्यांत खवट झाला. ज्वारीत सोंडे झाले. साठवायचं कसं? – जरीपटका

उत्तर : हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थर राहतो आणि त्या थरात तेल असतं. उष्णतेत तेच खवट होतं. तो एका वेळी दोन किलोच्या वर घेऊ नका, मार्चपासून पाऊस लागेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. शिजवण्याआधी तासभर भिजवा, एका वाटीला अडीच वाट्या पाणी, कुकरला दोन शिट्ट्या जास्त. घरच्यांना जड जात असेल तर पांढऱ्यात एक चतुर्थांशच मिसळा, पण हा आधी वेगळा अर्धा शिजवून घ्या, कारण दोघांचा वेळ एक नाही.

ज्वारी उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवा, संध्याकाळी लगेच डब्यात भरू नका, सावलीत पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे बंद केले की आत घाम सुटतो आणि कीड लागते. डबा कोरडा, घट्ट झाकणाचा, काठोकाठ भरलेला. दहा किलोला दोन मुठी वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घाला आणि दळणाआधी पाखडून काढा. जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डब्यात हात घालून बघा. दाणे गरम किंवा दमट लागले, पीठ झडलेलं दिसलं, तर तो डबा आधी रिकामा करा. नुसते सोंडे असतील तर चाळून, पाखडून, वाळवून ज्वारी वापरता येते. जाळी किंवा बुरशीचा कुबट वास असेल तर ती माणसांना नाही आणि गाईलाही घालू नका.